लवू घाडींचा आवाज कुठवर पोचतो

मिठबावजवळच्या आमच्या वाडीत देवाला गाऱ्हाणं घालायचा मान लवू घाडींचा. ते देवाकडे मागणं मागतात आणि जमलेले लोक प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. दोन हजार तीन साली पुतण्या विकीने आक्षेप घेतला, ‘काका, तुमचो आवाज मागे पोचणा नाय. आता मान माका सोडा.’

काकांनी मान सोडला नाही, बिनतारी माईक आणला. दुकानदार म्हणाला, ‘जास्त चॅनेलचा घ्या.’ काका म्हणाले, ‘देव एकच आसा, एक चॅनेल पुरे.’

गाऱ्हाण्याच्या दिवशी शेजारच्या वाडीतल्या लग्नातल्या माईकवर नेमका तोच चॅनेल लावलेला होता. मंगलाष्टकं चालू असताना मांडवातल्या कर्ण्यातून काका बोलू लागले, ‘बा देवा म्हाराजा, परबांची चुकलेली म्हस गोठ्यात परत येवंदे रे म्हाराजा.’ भटजी थांबले. वऱ्हाड मात्र सवयीने, हातात अक्षता धरून, एका सुरात म्हणालं, ‘व्हय म्हाराजा.’ नवरदेवसुद्धा.

संध्याकाळी वधूपिता भांडायला आला. ‘लवू, तुझो आवाज थेट आमच्या मांडवात इलो.’

काकांनी त्याला बसवलं, चहा दिला आणि गावकऱ्यांना बोलावून घेतलं. ‘आता विकीसमोर ह्याच परत सांग.’

त्याने सांगितलं, तेही रागाने, म्हणजे पुरेसं मोठ्याने. मान काकांकडेच राहिला.