बॉयलर आधी विझवावा लागतो

"दाजी, बॉयलरच्या नळ्या साफ होतात, मग माणसाच्या का नाही होणार?"

मोरिवलीच्या कारखान्यात बॉयलर सांभाळत म्हातारा झालेला जयदेव हे बोलला होता, बहिणीच्या नवऱ्याला. आनंदाच्या हृदयात तीन ब्लॉकेज निघाले होते. डॉक्टर बायपास म्हणाले आणि छाती फाडायच्या नावानंच आनंदा नको नको म्हणू लागला. उल्हासनगरात एक दवाखाना सलाइन लावून नळ्यांतला चुना काढतो, असं कुणीतरी सांगितलं. जयदेव स्वतः चौकशीला गेला. सलाइनमध्ये काय घालता, विचारलं आणि उत्तर ऐकून हरखला. ईडीटीए. बॉयलरमधले क्षार काढायला कारखान्यात हेच तर वापरायचे. परक्या गावात घरचं माणूस भेटावं, तसं त्याला झालं.

ऑपरेशन राहिलं. सलाइनी चालू असतानाच आनंदाला अटॅक आला. वाचला, पण हृदय इतकं दुबळं झालं की आता बायपास झेपायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

तेव्हापासून एकच गोष्ट जयदेवला खात होती. बॉयलर साफ करायचा तर आधी विझवावा लागतो, थंड होऊ द्यावा लागतो. उभा जन्म त्याने तेच केलं होतं. मग नेमकं त्या दिवशी ते कसं आठवलं नाही?

रविवारी तो चामटोलीला आनंदाच्या घरी गेला, तर आनंदा उशांना टेकून बसलेला आणि समोर शेजारचे हिंदुराव.

"बरा आलास," आनंदा म्हणाला. "यांनापण बायपास सांगितलाय. म्हटलं, सलाइन घ्या, मी वाचलो तो त्यामुळंच. आमच्या मेव्हण्याचा जन्म गेला नळ्या घासण्यात. डॉक्टर काय, काल आलेली पोरं."

"तुम्ही हो म्हणा," हिंदुराव हसले, "उद्याच तारीख कॅन्सल करतो."

बहीण जनी चहा घेऊन दारात थांबली होती. जयदेवने आनंदाकडे बघितलं. पाठीला उशा होत्या, पण तो टेकला होता या एका समजुतीला.

"ऑपरेशन करून घ्या, हिंदुराव," जयदेव म्हणाला. "माणसाला विझवून साफ करता येत नाही. माझं चुकलं."

हिंदुराव खाली बघू लागले. आनंदाचं हसू ओठांवर तसंच राहिलं, डोळ्यांतून मात्र गेलं.

"अरे, पण तूच म्हणाला होतास."

जनीने कप पुढे केला नाही, मागेही घेतला नाही. जयदेव उठला, अंग चोरून तिच्या बाजूने निघाला, पायात चपला सरकवल्या आणि बाहेर पडला.