काचेची कांडी

माझा दादा देवासच्या दवाखान्यात डॉक्टर. माझ्या मुलीचा घसा सुजला, घोटभर पाणी उतरेना, म्हणून तो दोन टांगे बदलून धारला आला. सात वर्षांची होती ती.

घशाच्या मागे खोल गळू झाले होते. आरशाने टाकलेला उजेड तिथवर पोचेना. दादाने पेटीतून वाकडी काचेची कांडी काढली, खिडक्या लावल्या आणि तिचे एक टोक दिव्याशी धरले. मधली कांडी अंधारीच, पण दुसऱ्या टोकाला टिकलीएवढा लख्ख उजेड!

"मामा, बाजूने सांडत नाही?" मुलीने घोगऱ्या आवाजात विचारले.

"नाही गं. आतल्या आत काचेच्या कडेला आपटतो, परततो, पुढे जातो."

गळू दिसले. "अजून पिकले नाही. दुपारी फोडतो, मोकळी होईल पोर," म्हणून दादा जेवायला बसला.

मी कुठली ऐकतेय! माझा सगळा जीव त्या कांडीत. देवासला ती कोणाकोणाच्या तोंडात गेली असेल, देव जाणे. दादा ती नुसती औषधाच्या पाण्यात बुचकळी. उष्टे ते उष्टेच. राख घेतली, वर विटेची भुकटी घेतली, आणि घास घास घासली. माझ्या घासण्याला सासूबाईसुद्धा नाव ठेवत नसत.

दुपारी पुन्हा खिडक्या लावल्या. दिव्याशी धरताच अख्खी कांडी उजळली. मी मेली खूश! म्हटले, बघा कशी चकचकीत केली.

"मामा, आता सांडतोय," मुलगी म्हणाली.

टोकाला जेमतेम धुगधुगी होती. दादाने काचेवरच्या चऱ्यांवरून बोट फिरवले. "कोणी घासली?"

"मी."

तो रागावला नाही. रागावला असता तर बरे झाले असते. अंदाजाने सुरी घालायची त्याची छाती होईना. तिथे मोठी शीर असते म्हणे. दुसरी कांडी आणायला त्याने टांगेवाल्याला इंदूरला पिटाळले. "भिया, रस्ते में रुकना मत." टांगा परतायच्या आत गळू आपणहून फुटले आणि पू श्वासात गेला.

मला रडू आले नाही. लोक येऊन बसत, जात. मी भांडी घासत होते. दादा सगळ्यांना सांगे, गळूच फार खोल होते, कोणाचा इलाज चालला नसता.

"सूनबाईने काही कमी केले नाही हो," सासूबाई म्हणाल्या. "ती कांडीसुद्धा स्वतः घासून दिली."

दादाने मान खाली घातली. मी म्हटले, "हो."