चांदीचं इंग्लिश आणि आमची शाळा

आमच्या स्टाफरूममधे किस्से गोळा करावे लागत नाहीत. चहा उकळेपर्यंत एक होतो, गाळेपर्यंत दुसरा! मी तिथं इंग्लिश शिकवते. शाळा सरकारी, मराठी माध्यमाची. गाव तेलंगणातल्या बोथ मंडलातलं, म्हणजे तालुक्यातलं, पार कडेचं.

यंदा वरून हुकूम आला. आमचे नववी-दहावीचे वर्ग बंद करून पोट्ट्यांना मंडलच्या इंग्लिश मीडियमला पाठवायचं म्हणे. कारण काय, तर आमच्या मुलांचं इंग्लिश कच्चं! शिक्षण खात्याचे साहेब येणार, इंग्लिश ऐकणार, मग पक्कं ठरवणार. पोरं जातील हो बसला लटकून कशीही. पोरींना एवढ्या लांब कोण धाडतं? त्यांची शाळा संपलीच म्हणून समजा. माझं डोकंच फिरलं. तपासणीला विषयही काय दिला, तर इंग्लिशमधे जिथं जिथं ‘सिल्व्हर’ येतं, ते सगळे वाक्प्रचार. म्हटलं, या. आमी काय भितो का?

* * *

पहिल्या दिवशी ‘सिल्व्हर टंग’. चांदीची जीभ, म्हणजे गोड बोलून माणसाला गुंडाळणारा. "उदाहरण द्या," म्हटलं, तर सगळ्यांनी एका सुरात गावातल्या कापसाच्या दलालाचं नाव घेतलं! हा गडी दारात येऊन काका-मामा करतो, म्हातारीच्या पाया पडतो आणि कापूस स्वतःच्याच काट्यावर तोलून गाडीत भरून नेतो.

त्याचा पुतण्या वर्गातच होता. तो फणकारला, "म्याडम, माहे काका तसे नाईत!"

दहावीतली सुनंदा तोंडाची भारी फटकळ. ती म्हणाली, "जीभ चांदीचीच हाये रे त्यायची. काटा कायचा हाये, ते इचारून ये!"

पुतण्यालाही हसू आवरलं नाही.

* * *

‘सिल्व्हर प्लॅटर’ म्हणजे चांदीच्या ताटात वाढल्यासारखं सगळं आयतं मिळणं. आमच्या हेडमास्तरांनी ते फारच मनावर घेतलं. माणूस चांगला, पण साहेब म्हटलं की नुसती धांदल.

"चहा-नाश्ता चांगल्या ताटात द्या," ते म्हणाले. "म्याडम लोकांनी वाढा, बरं दिसते."

तेलुगूच्या लक्ष्मी मॅडम वह्या तपासून राह्यल्या होत्या. त्यांनी मान वर केली. "ताट चांदीचं आणा सार, नाईतर पळसाची पत्रावळ आणा. वाढणार कोण? नेनु कादु! मी तर नाई!"

मीही नाही म्हणाले. हेडमास्तरांनी आमच्या दोघींकडे पाहिलं.

"मंग मीच वाढतो, बाप्पा!"

आणि खरंच त्यांनी ट्रे धरून व्हरांड्यात तालीम सुरू केली. तीन कप फुटले.

* * *

‘सिल्व्हर लायनिंग’च्या दिवशी नेमकं आभाळ भरून आलं. गणिताचे देवराव सर माझा तास पाहायला मागच्या बाकावर बसले होते. मी पोरांना खिडकीपाशी नेलं. "पाहा, काळ्या ढगाच्या कडेला कशी चांदी चमकून राह्यली! तशी संकटातही आशा असते."

"म्याडम, वेचणीतला ढग हाये तो," एक जण कळवळून बोलला. "किनार मंग पाहू. कापूस भिजते ना! जाऊ का?"

मी देवराव सरांचं मत विचारायला वळले. बाक रिकामा! बाहेर त्यांची मोटरसायकल शेताकडे सुटलेली. पोट्टे निदान विचारून तरी गेले.

* * *

शेवटी साहेब आले. मला खुर्चीवर बसवून त्यांनी स्वतःच तास घेतला. सुनंदाला उठवलं.

"बॉर्न विथ अ सिल्व्हर स्पून?"

"बॉर्न इन अ रिच फॅमिली, सर," ती खणखणीत म्हणाली.

साहेबांनी वर्गावर नजर फिरवली. विटलेले शर्ट, टाचा घासलेल्या चपला. ते हसले. "तो बताओ, यहाँ ऐसा कौन है?"

आख्ख्या वर्गाचे हात वर!

"देखा?" साहेब हेडमास्तरांना म्हणाले. "रट लिया है, समझा कुछ नहीं. ये क्लास बंद ही करने पड़ेंगे."

माझा नुसता संताप झाला. पण सुनंदा उभीच होती.

"समझा है, सर," ती म्हणाली, आणि मोडक्यातोडक्या हिंदीत तिनं सांगितलं. आमच्या गावात चांदीचा चमचा एकच. कधीकाळी सगळ्यांनी मिळून करवलेला. कोणाच्याही घरी उष्टावण असलं की तो तिथं जातो. मामा त्याच चमच्यानं बाळाला खिरीचा पहिला घास भरवतो. मग घासूनपुसून चमचा पुढच्या घरी. पाटलाचं लेकरू असो की सालदाराचं, चमचा तोच.

साहेबांनी फाईल मिटली. मग म्हणाले, "अच्छा है. चम्मच रखो अपने पास. क्लास तो मंडल जाएँगे."

सुनंदानं हिंदी सोडली.

"सर, वन स्पून, वन स्कूल. वुई विल नॉट गिव्ह."

"सिट डाउन!"

ती बसली नाही. तिच्या शेजारची उठली. मग पोरींचा सगळा बाक उठला. मग मागची पोरं.

"मॅडम, बिठाइए इन्हें!" साहेब माझ्यावर ओरडले.

मी खुर्चीवरून उठले आणि पोरींच्या रांगेत जाऊन उभी राहिले.