सुमनताईंचा चढ आणि आमची हलकी सायकल

कुठल्याही वर्कशॉपमध्ये दोन गोष्टी आपोआप साठतात: धातूचा चुरा आणि किस्से. चुरा आम्ही दर शनिवारी झाडून काढायचो. किश्श्यांना कधी कोणी झाडू लावला नाही, त्यामुळे आज ढीग केवढा झालाय बघा!

वर्कशॉप म्हणजे घोलवडला आमच्या वाडीतली चिकू पॅक करायची शेड. २०१६-१७ची गोष्ट. अर्ध्या शेडमध्ये चिकूचे क्रेट आणि उरलेल्या अर्ध्या शेडमध्ये इलेक्ट्रिक सायकल बनवणारे आम्ही तिघं. हर्षल डिझाईन करायचा, मेघना मोटर आणि सर्किट बघायची, आणि मी वेल्डिंगपासून चहापर्यंत उरलेलं सगळं. आमची मोटर चाकात नव्हती. पायडलच्या मधोमध, फ्रेमच्या पोटात बसवलेली. बाहेरून बघाल तर साधी सायकल! पायडलवर पाय दाबला की आतली मोटर तेवढ्या मानाने साथ देणार, अशी सगळी कल्पना.

पहिली ट्रायल अर्थातच बाबांची. शेड त्यांची, मान त्यांचा. बाबा सीटवर बसले, पाय वर घेतले आणि म्हणाले, "हं, सोड."

मेघना म्हणाली, "काका, पायडल मारावं लागेल. मग मोटर चालते."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "पायडल मीच मारायचं, चार्जिंगही मीच करायचं. मग मोटर काय करते? सुपरव्हिजन?"

*

हर्षलला एकच वेड, वजन! सायकल चिकूच्या काट्यावर रोज चढायची. स्क्रू आखूड कर, पत्रा पातळ कर, नको तिथला पत्रा भोकं पाडून काढून टाक. एकदा मी नवा रंग मारला, तर या गृहस्थाने रंगाचं वजन विचारलं! मी ब्रश त्याच्या हातात दिला आणि जेवायला निघून गेलो.

आम्हाला सुटे भाग द्यायचे डहाणूचे जयंतीभाई. सायकलच्या दुकानात जन्म गेलेला माणूस. गुजराती आणि मराठी एकाच दमात बोलायचे. हर्षलने मोठ्या अभिमानाने सायकल त्यांच्या हातात दिली. जयंतीभाईंनी ती दोन बोटांवर उचलली आणि त्यांचा चेहराच पडला.

"आमां वजन क्यां छे, भाई? गिऱ्हाईक वजनाचे पैसे देतो! उद्या वाऱ्याने उडाली तर वरोरच्या किनाऱ्यावर शोधायला कोण जाणार?"

हर्षलने त्याच संध्याकाळी सायकल पुन्हा काट्यावर चढवली.

*

चढावर टेस्ट घ्यायची म्हणून आम्ही तलासरीकडे जायचो. तिकडे दमणहून येणाऱ्या दारूसाठी गाड्या तपासतात. आता सायकल कोण अडवणार? पण हर्षल पडला बारीक अंगाचा, आणि चढावर न दमता, शीळ घालत वर चाललेला. हवालदारांना संशय आला.

"मोटर लावलीय का?"

"हो साहेब."

"कुठाय?"

"आत आहे. फ्रेममध्ये."

झालं! हवालदार कमरेवर हात ठेवून म्हणाले, "चांगल्या वस्तू कोणी लपवतो का? या पाईपमध्ये काय भरलंय, बोल!"

हर्षल त्यांना मोटर आत बसवण्याचे फायदे समजावू लागला. हवालदारांनी त्याला थांबवलं, गुडघ्यावर बसले, पायडलच्या सांध्याला नाक लावलं आणि चांगला लांब श्वास घेतला. मग उठले, म्हणाले, "जा." नाकाच्या शेंड्यावर ग्रीसचा हा एवढा ठिपका! सांगायची हिंमत आमच्यापैकी एकाचीही झाली नाही. आम्ही वळणापर्यंत हसू दाबलं, पुढे ते जमलं नाही.

*

आता सुमनताई. ज्यांच्यासाठी ही सायकल खरी मार्गी लागली, त्या या. रानशेतच्या बाजूला उपकेंद्रात नर्स होत्या. सगळे पाडे चढावर. एवढी वर्षं त्या सायकलनेच फिरल्या. सपाटीला चालवायची, चढाला ढकलायची. लसीकरण, बाळंतिणी, तापाच्या गोळ्या, सगळं त्या सायकलवर. पण आधीपासून दुखरा असलेला डावा गुडघा आता पुरता गेला. तालुक्याच्या ऑफिसातून निरोप आला की दिवाळीनंतर येऊन बघू; चढ झेपत नसेल तर डहाणूला ऑफिसात टेबलावर बसा.

दुसऱ्या कोणी पेढे वाटले असते. ताई आमच्या शेडमध्ये येऊन क्रेटवर बसल्या आणि रडल्या. "मला तिथे पंख्याखाली बसवून काय करायचंय? वरच्या पाड्यावर चार बायका दिवसांत आहेत. त्या माझ्याशिवाय कोणाला पोटाला हात लावू देत नाहीत."

हर्षल एकदम म्हणाला, "ताई, दिवाळीच्या आत तुम्ही चढाल." मी आणि मेघनाने एकमेकांकडे बघितलं. कारण तोवर आमची एकही सायकल महिनाभर धड चाललेली नव्हती!

*

सायकल ताईंना दिली आणि घोळ सुरू झाला. हर्षल बसला की भन्नाट पळायची. मेघना बसली तरी तेच. ताई बसल्या की मोटर जेमतेम कण्हायची! ताई म्हणायच्या, "माझ्याशीच अबोला धरलाय हिने."

बॅटरी बदलली. वायरिंग उसवलं, पुन्हा केलं. मोटर दोनदा खोलली. सायकल नेतानाही ताईंचा चेहरा कसनुसा आणि आणतानाही. दिवाळी जवळ येत चाललेली. मेघना हळूच मला म्हणाली, "ताई घाबरून पाय दाबतच नसतील का रे?" मलाही तसंच वाटू लागलं होतं.

अशात एक दिवस जयंतीभाई तावातावाने शेडमध्ये आले. हातात खोकं. "ही तुमची नर्सबाई! वरसोथी, किती वर्षं झाली, माझ्या दुकानात येते आणि फक्त उजवं पायडल मागते. मी जोडी फोडून देतो, कारण बाई चांगली आहे. पण ही डावी पायडलं मी कोणाला विकू? तुम्ही घ्या!"

आणि खोकं टेबलावर उपडं केलं. सगळी डावी. कोरी करकरीत.

आम्ही हसायला लागलो. मेघना हसली नाही. तिने एक पायडल उचललं आणि खालीच बसली. "अरे, आपला सेन्सर डावीकडे आहे!"

हलका पडतो म्हणून आम्ही एकाच बाजूचा सेन्सर लावला होता. डाव्या पायाने किती जोर लावला, एवढंच मोटरला कळायचं. आणि ताई गुडघ्यापायी सगळा जोर उजव्या पायाने लावायच्या. उजव्या पायाने जीव तोडून चढ चढणारी बाई, आणि आमची मोटर समजायची की बाईसाहेब आराम करताहेत!

मेघनाने ताईंना विचारलं, "ताई, तुम्ही एका पायाने चालवता हे बोलला का नाहीत?"

ताई म्हणाल्या, "अगं, तुम्ही सगळे एवढे खपत होतात. मला वाटलं, मलाच जमत नाहीये."

मेघनाच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, कशाला लपवू? दोन्ही बाजूंचा सेन्सर जड होता, त्याच्यासाठी फ्रेमही थोडी जाड करावी लागणार होती. आम्ही भीतभीतच हर्षलकडे पाहिलं. तो एवढंच म्हणाला, "कर वेल्डिंग." त्या दिवशी सायकल काट्यावर चढली नाही.

*

नव्या सेन्सरने सायकल ताईंशी बोलायला लागली. पण आठवड्यात पाड्यावरून तक्रार! जुनी सायकल एवढी खडखडायची की ताई पायथ्याशी आल्या की वर कळायचं. बायका चहा टाकायच्या आणि पोरं इंजेक्शनच्या भीतीने झाडावर चढायची. अशी कित्येक वर्षांची व्यवस्था. आता ताई आवाज न करता थेट अंगणात! एकूण एक पोरं सापडली. पाडाभर नुसता भोंगा!

बायकांचीही कुरकुर होतीच, ताई येतात तेव्हा चहा तयार नसतो. शेवटी एका आजींनी स्वतःच्या गाईच्या गळ्यातली घंटा काढून सायकलच्या हँडलला बांधली. चांगली जाडजूड, पितळेची.

हर्षलने घंटा हातात तोलली. "सुमनताई, मी या सायकलमधून जेवढं वजन काढलं ना, तेवढं आजींनी एका गाठीत परत घातलं!"

"मग सोडू का?" ताईंनी विचारलं.

"नको, राहू दे. पोरांनाही काहीतरी चान्स पाहिजे."

*

आणि मग तो दिवस. ताईंना चढ झेपतो की नाही, ते बघायला तालुक्याहून मोठे डॉक्टर स्वतः आले. माणूस भला होता, पण देह भारदस्त. मी आणि हर्षल पायथ्याशी उभे.

जीप पायथ्याशीच थांबली, पुढे जीप जाईल असा रस्ताच नव्हता. डॉक्टर म्हणाले, "चला नर्सबाई, तुम्ही सायकलवर, मी चालत येतो." ताई निघाल्या. घंटा वाजवत, उजव्या पायाने दाबत, सरसर वर. आम्ही टाळ्या पिटायचंच काय ते बाकी होतं. इकडे डॉक्टर पहिल्या वळणावर थांबले. दुसऱ्या वळणावर दगडावर बसले. घामाने शर्ट अंगाला चिकटलेला.

ताईंनी वरून पाहिलं आणि सायकल वळवून खाली आल्या. "सर, मागे बसा."

"अहो, काहीतरीच काय!"

"वर बाळंतीण वाट बघतेय. तुम्हाला इथे सोडून कशी जाऊ? बसा!"

डॉक्टर बसले. हर्षलने माझा दंड धरला. "अरे, ते कॅरिअर औषधांच्या पेटीसाठी आहे!" आणि वेल्डिंग माझं होतं.

ताईंनी सगळ्यात हलका गिअर टाकला. सायकल कुरकुरली, थोडी डुलली आणि निघाली. आम्ही दोघं श्वास रोखून मागून पळत होतो. श्वास रोखून पळता येत नाही, पण त्या दिवशी आम्ही पळलो. डॉक्टर दोन्ही हातांनी सीट घट्ट धरून, डोळे मिटून बसलेले.

वर अंगणात घंटा ऐकून सगळा पाडा जमला होता. सायकल थांबली. डॉक्टर कसेबसे उतरले आणि ओट्यावर टेकले. चेहरा लालबुंद, तोंडातून शब्द फुटेना. एका म्हातारीने लगबगीने त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या धरला, त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि काळजीने ताईंना विचारलं, "बाय, या पेशंटला काय झालाय?"

ताई पेटी सोडवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "काही नाही गं आजी. चढ झेपत नाही त्यांना. खाली ऑफिसात टेबलावर बसवायचं म्हणतेय!"