सारजाबाईचा ओटा

आमच्या आईला, म्हणजे अणदूरच्या सारजाबाईला, डॉक्टरांनी मांडी घालून बसायची बंदी केली, तेव्हा घरात खरा प्रश्न गुडघ्यांचा नव्हता, भाकरीचा होता. शेगडी जमिनीवर, परात जमिनीवर, लग्न होऊन आल्यापासून आईही जमिनीवर. बाबांना चहासुद्धा करता येत नाही. माझ्या भावानं, रणधीरनं, पुण्याहून फोनवर तोडगा काढला, "खानावळीचा डबा लावा."

"म्या जित्ती असताना?" असं म्हणून आईनं फोन ठेवून दिला. मला तिचा अभिमान वाटला आणि रडूही आलं.

म्हणून उभ्यानं स्वयंपाक करायचा ओटा बांधायचं ठरलं. पैसे बेताचे. ओट्यावरचा काळा कडप्पा नळदुर्गच्या एका मोडलेल्या हॉटेलातून आला. फरशा दुकानातल्या उरल्यासुरल्या, थोड्या हिरव्या, थोड्या गुलाबी, आणि एकीवर चक्क मोसंबी. सिंक भंगारवाल्याकडचं. मजुरी मात्र फुकट, कारण गवंडी घरचाच होता, बाबांचे थोरले भाऊ सिद्धलिंगकाका.

फुकटचं ते पौष्टिक म्हणतात, पण इथं एक गोम होती. आमच्याकडं सून थोरल्या दिराशी बोलत नाही. डोईवर पदर, नजर खाली, आणि सांगायचं ते भिंतीला, मांजराला, नाहीतर नवऱ्याला. काका आले की आई दाराला सांगते, "चहा निवतोय." मी सासरी, तुळजापुरात, माझ्या थोरल्या दिरांशी क्रिकेटवरून कडाकडा भांडते, पण आईपुढं माझं काही चालत नाही.

काकांनी बाबांना विचारलं, "बब्रू, उंची किती?" बाबा म्हणाले, "कमरंएवढी." झालं! काकांनी आपल्याच कमरेला सुतळी लावली आणि कामाला लागले. काका ताडमाड, आणि आई त्यांच्या काखेला लागेल एवढी.

दुसऱ्या दिवशी मी पोचले तेव्हा विटांचे थर उभे होते आणि कडप्पा दारात टेकवलेला. काका तंबाखू मळायला अंगणात गेल्याचं बघून आईनं विटांवर परात ठेवून पाहिली. हात थेट छातीशी आले. भाकरी थापायला वरून जोर लागतो. इथं ती कोपरं उचलून भिंत सारवल्यासारखी थापायला लागली.

"सांगा त्यास्नी," ती बाबांना म्हणाली.

बाबा अंगणात गेले, काकांपाशी उभे राहिले, खाकरले, आभाळाकडं बघितलं आणि परत आले.

"सांगितलं."

"काय म्हणले?"

"बघू म्हणले."

धादांत खोटं! मी खिडकीतून बघत होते. बाबांनी तोंड उघडलंच नव्हतं. थोरल्या भावाच्या कामात खोट काढायची त्यांची अजून छाती होत नाही. मग मीच गेले. "तुला काय कळतंय? ओटा उंचच शोभतोय," म्हणून काकांनी मला वाटेला लावलं आणि माल कालवायला घेतला. एकदा कडप्पा बसला की खेळ खलास. पुन्हा तोडून बांधायला सिमेंटही नव्हतं आणि पैसेही. माझ्या डोळ्यांपुढं खानावळीचा डबा दिसायला लागला.

दोघा भावांनी कडप्पा उचलला. तेवढ्यात आई पुढं आली. पदर डोक्यावरच होता, पण मान वर.

"भावजी, खाली ठिवा तो दगड."

बाबांच्या हातून कडप्पा निसटायचाच राहिला.

"भाकरी तुमाला थापायची न्हाय, मला थापायची हाय. दोन थर काढा."

काकांनी कडप्पा टेकवला आणि विटांकडं बघत राहिले. मला वाटलं, आता थापी टाकून निघून जाणार.

"मग कालच का न्हाय सांगितलंस?"

"बोलायची रीत हाय का आपल्यात?"

"रीत व्हय! रीतीपायी माझं सगळं काम नासलं असतं की!" काकांनी हातोडी उचलली. "सारजा, हितं उभी ऱ्हा. एवढं?"

"अजून खाली."

"आता?"

"आता बरं."

"म्या तेच सांगितलं हुतं," बाबा म्हणाले. त्यांच्याकडं कुणी लक्षच दिलं नाही.

ओटा पक्का झाल्यावर पहिल्या भाकरीला काकांना बोलावलं. तव्यावरची भाकरी घेऊन आई स्वतः त्यांच्या ताटापाशी आली.

"भावजी, अजून एक वाढू?"

"वाढ की. आजवर ह्या घरातनं अर्ध्या पोटी उठलोय. तू पुढं येत न्हवतीस, अन् बब्रूला आग्रह करायचं कळत न्हाय."

आई आधी चरकली. मग इतकी हसली की पदर खांद्यावर आला, आणि तो तिनं तसाच राहू दिला. काका जेवतच राहिले. पीठ पुन्हा मळावं लागलं, आणि आईनं ते उभ्यानं मळलं.