शेवटचं नाव ऱ्हायलं

"हिला जरा काळं लावा. आदिवासी वाटत नाहीये."

असं तो सर रंगवणाऱ्या बाईला म्हणला. माझ्यासमोर. मी तिथंच स्टुलावर बसलेली. बाजारात बकरीचं तोंड धरतेत तशी माझी हनुवटी त्यानं दोन बोटांत धरली, अन् कुठं कुठं लावायचं ते दाखवलं. मी आंध जमातीची. कळमनुरीकडच्या डोंगरातली. जन्मल्यापासून आदिवासी हाय अन् ह्याला मी तशी दिसंना!

हिंगोलीच्या मोठ्या सभागृहात आदिवासींचा कार्यक्रम व्हता, एक मोठे साहेब पाहुणे अन् हा सर संयोजक. टेबलावर प्लॅस्टिकच्या पानांचे घागरे, कोंबड्याची पिसं, कवड्या मांडलेल्या. मी म्हणलं, "सर, आमच्यात हे कोणी घालत न्हाई. आमी लुगडं नेसतो."

तो हसला. "अगं, लोकांना कळायला नको का, तुम्ही कोण आहात ते?"

माझ्यासंगं नाचायला आलेल्या पोरी माझ्या तोंडाकडं बघून राहिल्या व्हत्या. मी त्यांला म्हणलं, घागरे लुगड्यावरूनच बांधा. नाच व्हणं जरूरी व्हतं. काहून, ते सांगते.

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या वाडीखाली तलावाचं काम निघालं. वाडीतल्या बाया रांगेत उभ्या ऱ्हायच्या, मातीचं घमेलं ह्या हातातून त्या हातात. पोटाला सुकडी मिळायची. एका दुपारी वरचा कडा खाली आला अन् रांगच्या रांग मातीत गेली. थोडे रोज काम थांबलं, पुन्हा चालू झालं. तलाव झाला. भिंतीवर उद्घाटनाला आलेल्या पुढाऱ्याच्या नावाचा दगड हाय. बायांचं नाव कुठंच न्हाई. त्यातल्या काहींची तर मयत पण वर निघाली न्हाई.

रांगेच्या शेवटी माझी आजी व्हती. माझी आत्या तवा तान्ही, पळसाला बांधलेल्या झोळीत. आईचं तोंड तिला याद न्हाई.

आमच्या वाडीची रीत अशी, की अवकाळी मेलेल्यांची नावं दंडारीत घ्यायची. दंडार म्हणजे आमचा ढोलावरचा नाच. ज्याचं नाव घेतलं त्याच्यासाठी एक नाचणारी खाली बसते, दोन्ही तळहात भुईला टेकवून. शेवटचं नाव होईस्तोर बसलेलीनं उठायचं न्हाई. शेवटच्याचं घरचं माणूस येतं, हात देतं, मग सगळ्या एकदम उठतेत, अन् त्यांच्यासंगं मेलेले मातीतून सुटतेत. मधीच कोणी उठलं तर घेतलेली नावं पण वाया. पुन्हा पहिल्यापासून. पण तलावातल्या बायांची नावं कोणी घेतलीच नव्हती. भीती. सरकारी काम, सरकारी तलाव, कोण बोलणार?

मी कॉलेजात नाच शिकले. शिकून ही रीत घेतली अन् नवा नाच बसवला. गाणं न्हाई. मामाचा ढोल, आमचे पाय अन् एक रिकामं घमेलं. नाव पुकारलं की एक बाई बसते, अन् बाकीच्यांला तिच्या जागेवरून हात लांब करून घमेलं द्यावं लागतं. बसणाऱ्या वाढत जातेत, हात पुरेनासे होतेत. आत्याला सांगितलं, तुझ्या आईचं नाव शेवटी हाय, हात द्यायला तू ये. ती जवळा बाजार गावाला जाऊन नवं लुगडं घेऊन आली.

आमी स्टेजवर आलो. पानं बघून शिट्ट्या. कोणी तरी हू हू केलं. पहिलं नाव घेतलं तरी हसून राहिले व्हते. मग एकेक बाई खाली बसाय लागली तशी माणसं गप झाली. मला वाटलं, जमलं. लोकांला कळून राहिलं.

मी एकटीच उभी ऱ्हायले. हातात घमेलं. तोंडात आजीचं नाव. आत्या मागच्या रांगेतून उठलेली दिसली.

अन् तो सर बूट घालून आमच्या रिंगणात शिरला.

"थांबवा, थांबवा! साहेब आले. उठा पटकन, साहेबांना गेटपासून नाचत आणायचंय."

त्यानं रंजीच्या दंडाला धरून तिला उभं केलं. रंजी म्हणजे आमच्या शेजारची, माझ्याबराबरची. ती घाबरून उठली. ती उठली म्हणून बाकीच्या उठल्या. स्पीकरवर कसलं तरी धांगडधिंग्याचं गाणं लागलं. मामानं ढोल खाली ठेवला. अन् तिकडं एक जण आत्याला म्हणून राहिला, "ओ मावशी, बसा खाली, फोटोत येताय."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एक नाव ऱ्हायलं व्हतं हो! एकच!

"न्हाई नाचत," मी म्हणलं.

"काय?"

"आमी तुमच्या साहेबाला आणायला आलो न्हाई. आमच्या मेलेल्यांला आणायला आलो व्हतो."

"पुन्हा स्टेज मिळणार नाही, सांगून ठेवतो."

"ठेवा तुमचं स्टेज. डोक्यावर घेऊन नाचा."

घागरा सोडला अन् साहेबासाठी मांडलेल्या खुर्चीवर टाकला. मग रंजीनं सोडला. मग सगळ्यांनी. आमी निघालो. कोणी आडवलं न्हाई. त्यांला साहेबाचंच पडलं व्हतं.

जीपमधी आत्या म्हणली, "मह्या मायचं नाव ऱ्हायलं व्हय गं?"

"व्हय आत्या."

"मंग ती अजून मातीतच हाय."

मी पदरानं तोंडाचा काळा रंग पुसत बसले. तो निघत पण नव्हता.

परवा त्याच सराचा फोन आला. तलाव भरला म्हणे. साहेब भिंतीवर पाणी पुजायला येऊन राहिले. "तुम्ही तिथल्याच आहात, पाच मिनिटं स्वागताचा नाच करा. झालं गेलं विसरा. या वेळी लुगडी चालतील."

लुगडी चालतील! काय उपकार!

मी म्हणलं, "येतो."

आजीचं नाव मी इथं पण सांगत न्हाई. ते रिंगणातच घ्यायचं. तलावाच्या भिंतीवरचा रस्ता एका गाडीपुरता हाय. आमी साहेबाच्या आधी जाणार. ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत उभ्या ऱ्हाणार, पहिल्या नावापासून सुरू करणार, अन् एकेक बाई तळहात टेकवून त्या रस्त्यावर बसणार. साहेबाची गाडी येऊ दे, पोलिसांची येऊ दे, हॉर्न वाजवू दे. आत्या हात देईस्तोर एक पण बाई उठणार न्हाई.