भाऊ सायडिंगवर, बहीण सरपंच

रंभाबाई मारबते सत्त्याण्णव साली सरपंच झाली. ती व्हावी असं तिच्यासह कोणालाच फारसं वाटत नव्हतं. जागा बायांसाठी राखीव निघाली, आणि गावातल्या दोन पार्ट्यांना एकमेकांची बाई चालेना. तेव्हा बोडीत, म्हणजे गावच्या तळ्यात, मासे धरणाऱ्या ढिवरांच्या घरातली, सातवी शिकलेली, कोणाच्या भांडणात नसलेली रंभा दोघांनाही चालली. तिचा नवरा दादाजी जाळं विणत बसला होता. लोक विचारायला आले तेव्हा तो म्हणाला, "तिले विचारा. मले काऊन विचारता?" तिनं हो म्हटलं.

गाव आंबेटोला, नावाप्रमाणं एक टोला, लहानशी वस्ती. मुलचेऱ्याच्या रस्त्यापासून आत, जंगलाला लागून. धानाच्या बांध्यांवरून, म्हणजे भाताच्या खाचरांवरून, उंच टावरची लाइन गेलेली. ती वीज कुठून येते आणि कुठं जाते हे गावात कोणाला माहीत नव्हतं. पावसाळ्यात त्या तारा गुणगुणायच्या आणि खाली घरोघरी रॉकेलच्या ढिबऱ्या जळायच्या. तार गावात उतरावी म्हणून अर्ज करायचं काम प्रत्येक सरपंचानं केलं होतं. रंभाबाईनंही केलं.

नव्याण्णवच्या उन्हाळ्यात तार नाही, पण सौर दिव्यांची योजना आली. प्रत्येक घराच्या छपरावर एक प्लेट, आत बॅटरी, दोन ट्यूब. तालुक्याहून एक साहेब आले आणि शाळेच्या पडवीत ग्रामसभा भरली.

योजनेच्या बाजूनं सगळ्यात जास्त बोलले ते देवानंद खोब्रागडे, शाळेचे मास्तर. चामोर्शीकडचा, तिशीतला माणूस. नागपूरला विज्ञानाच्या शिबिराला जाऊन आल्यापासून त्यांच्या डोक्यात हाच एक विषय होता.

"साऱ्या जगाची हवा गरम होऊन राह्यली," ते म्हणाले. "कोळसा जाळून जाळून. जपानात मोठी सभा झाली, कोणत्या देशानं किती धूर कमी करायचा ते ठरलं. आता कोळशाचे दिवस सरले. सूर्य आपल्याकडं भरपूर हाये. आपला टोला पुढं काऊन राहू नये?"

मुखरू म्हातारा खांबाला टेकून बसला होता. त्याचं शेत बोडीच्या शेवटाला, पाणी पोचता पोचता संपायचं. त्याला पंप हवा होता.

"मास्तर, आपल्या टोल्यातून कोणता धूर निघते? चुलीचा. ज्याईनं आजवर कोळसा जाळला त्याईले सांगा ना सूर्यावर राहाले. त्याईनं कारखाने चालवले, गाड्या चालवल्या, आन् आता आमच्या वक्ताले कोळशाचे दिवस सरले? या दिव्यानं माझं धान भिजते का?"

"नाई भिजत," मास्तर म्हणाले. "पण लेकरं अभ्यास करतीन."

"मी तारेची वाट पाहीन."

यावर रंभाबाईनं साहेबांना विचारलं, "हे दिवे घेतले तर तार येईन का?"

साहेब घाम पुसत म्हणाले, "गावात वीज पोचली असंच धरलं जाईल, बाई. तार येईल, पण मग घाई राहणार नाही."

ठरावात एक ओळ घाला, दिवे तारेच्या बदल्यात नाहीत म्हणून, असं ती म्हणाली. अशी ओळ घालता येत नाही असं साहेब म्हणाले. हात वर झाले तेव्हा दोन्हीकडची माणसं सारखी निघाली आणि सरपंचाच्या मतावर गोष्ट आली. मागच्या पावसाळ्यात शेजारच्या घरी एक बाई अंधारात मण्यार साप चावून मेली होती. काय चावलं आणि कुठं चावलं हे उजाडेपर्यंत कोणाला दिसलंच नव्हतं. रंभाबाईनं दिव्यांच्या बाजूनं हात वर केला. मुखरू उठून गेला.

दिवे चांगले चालले. संध्याकाळी घरात पांढरा उजेड पडायचा, भाकरीचा काठ दिसायचा, विंचू दिसायचा. दिवाळीत तिचा धाकटा भाऊ बिरजू भाऊबीजेला आला तेव्हा ती त्याला मुद्दाम बटण दाबून दाखवत होती.

बिरजू राजुऱ्याकडे एका कोळशाच्या सायडिंगवर ठेकेदाराकडे कामाला होता. खाणीतून ट्रकनं आलेला कोळसा तिथं रेल्वेच्या वॅगनमध्ये भरत. माहेरच्या बोडीचा गाळ काढायचं बंद झालं, मासे घटले, तेव्हा तो गाव सोडून तिकडे गेला होता. मुलं शाळेत होती, घरात टीव्ही होता.

"हा खेळना हाये, बाई," तो ट्यूबकडं पाहत म्हणाला. "यावर पंखा चालते का? टीव्ही चालते का? माझ्या खोलीवर ये, पाह्य लाइन कशी राह्यते."

"तुह्या खोलीवर कपडे वाळू घातले का काळे होतेत."

"होतेत. धुवाले मोटारीचं पाणी हाये."

दोघंही हसले. त्याला खोकला होता, पण तेव्हा त्याकडं कोणी लक्ष दिलं नाही. धुळीच्या कामात खोकला असतोच, असं तोच म्हणायचा.

दिव्यांचं पुढं जे झालं ते एकदम झालं नाही. बॅटरीत शुद्ध पाणी घालायचं असतं हे बसवणाऱ्यांनी सांगितलं होतं, पण ते मिळायचं चंद्रपूरला. कोणी विहिरीचं घातलं, कोणी बोडीचं. कोणी बॅटरीवर टेपरेकॉर्डर लावला. एकेक ट्यूब पिवळी पडत गेली. दुरुस्तीला माणूस नागपूरहून येणार होता, तो आला नाही. रंभाबाई तालुक्याला खेटे घालत राहिली. तिथले जुने साहेब बदलून गेले होते, आणि नव्या साहेबांचं म्हणणं होतं की त्यांच्याकडं फक्त बसवायचं काम आहे. तिची मुदत संपेपर्यंत जवळजवळ सगळा टोला परत ढिबरीवर आला. बाया प्लेटांवर मिरच्या वाळवू लागल्या.

पुढच्या निवडणुकीत ती राखीव नसलेल्या वॉर्डातून उभी राहिली आणि पडली. तार तिच्यामुळं आली नाही असं लोक उघड बोलत. मुखरू मात्र बोलला नाही. एकदा बोडीवर भेटला तेव्हा म्हणाला, "तूनं मनातून केलं, पोरी. मले राग नाई. पण माझं धान यंदाही वाळलं."

दोन हजार पाच साली देवानंद मास्तरांचा निरोप आला. त्यांची बदली कोरपन्याकडं झाली होती. तिथल्या भागात एक कंपनी कोळशावरचं नवं वीजघर बांधणार होती आणि त्याची जनसुनावणी होती. मास्तर विरोध करणाऱ्यांत होते. सूर्याच्या विजेचं गाव चालवलेल्या सरपंचबाईनं येऊन दोन शब्द बोलावे, असं त्यांचं म्हणणं होतं. ते स्वतः तिला आणायला आले.

"काय बोलू, मास्तर? दिवे तर बंद हायेत."

"चालू होते तेव्हाचं बोला."

"दोन्ही बोलीन."

मास्तर म्हणाले, "बरं. दोन्ही बोला."

शाळेच्या मैदानावर मांडव घातला होता. एका बाजूला कंपनीच्या बसमधून आलेली माणसं, डोक्यावर सारख्या टोप्या. दुसऱ्या बाजूला शेतकरी, काही कॉलेजची पोरं, चंद्रपूरचे एक डॉक्टर. सकाळभर बोलणी चालली. कंपनीचे इंजिनियर म्हणाले, देशाला वीज हवी, सूर्याची वीज महाग आणि ढगात बंद पडणारी. तिच्यावर कारखाना चालत नाही. कॉलेजचा एक पोरगा म्हणाला, हा हिशेब आजचा आहे, उन्हाळे वाढत चाललेत त्याचा खर्च कोणी धरत नाही. त्यावर टोपीवाल्यांतून कोणी ओरडलं, "आमाले काम पायजे, थंडी नाई!" मांडव हसला. दोन्ही बाजूंचं बोलणं खरं वाटत होतं. रंभाबाईला त्याचाच त्रास होत होता.

आणि मग तिला टोप्यांमध्ये बिरजू दिसला.

त्याचा थोरला मुलगा बारावी झाला होता. नव्या वीजघरात स्थानिकांना घेणार असं ठेकेदारानं सांगितलं होतं आणि आपली माणसं बसमध्ये बसवून आणली होती. बिरजूनं तिला पाहिलं, हात केला. तो आता सुकला होता. बसल्या जागी खोकत होता आणि खोकला टोपीनं झाकत होता.

तिचं नाव पुकारलं गेलं. ती माइकसमोर उभी राहिली आणि दिव्यांची सगळी गोष्ट सांगितली: चालू होते तेव्हा काय होतं, बंद कसे पडले, कोण आलं नाही. विरोधवाल्यांच्या बाजूला चुळबुळ झाली. मांडवाच्या टोकाला बसलेल्या अधिकाऱ्यांनी विचारलं, "मग बाई, तुमचं म्हणणं काय? कोळसा हवा की नको?"

"सूर्याचा दिवा वाईट नोहोता, साहेब. त्याले पाहाले माणूस नोहोता. इथंही तुमी वीजघर बांधसान, पण धूळ पाहाले कोण हाये? कोळसा काय करते ते मले नोका विचारू. माझा भाऊ थो बसला हाये. कोळशाच्या कामावर हाये. त्याले दम पुरत नाई, रात झाली का बसून राह्यते. त्याले विचारा."

तिनं बोट दाखवलं. सगळ्या माना वळल्या. बिरजू उठला नाही. शेजारच्यानं त्याला कोपरानं ढोसलं, तरी तो जमिनीकडं पाहत राहिला. अधिकाऱ्यांनी पुढचं नाव पुकारलं.

बाहेर पडताना मास्तर म्हणाले, "बाई, शेवटचं फार चांगलं बोलल्या." ती बिरजूला शोधत होती, पण बस निघून गेली होती.

आठवडाभरात ठेकेदारानं बिरजूला घरी बसवलं. तब्येतीला आराम पाहिजे, असं तो गोड बोलला. आजारी माणूस कामावर आहे हे साहेबांसमोर निघाल्यावर त्याला तो नको होता. त्या भाऊबीजेला बिरजू आला नाही. निरोपही नाही.

रंभाबाई वाट पाहून पाहून शेवटी स्वतः गेली. सोबत बोडीतले मासे नेले. खोलीत भावजय नव्हती, मजुरीला गेली होती. बिरजू खाटेवर बसला होता. त्यानं तिला बस म्हटलं नाही. ती खालीच बसली.

"तूनं साऱ्याईसमोर सांगतलं," तो म्हणाला. "मले आधी काऊन नाई विचारलं?"

"विचारलं असतं तर तू नाई म्हटला असता."

"मंग नाईच होतं ना माझं उत्तर."

कोळसा वाईट आहे, ती खरं बोलली, त्याचा जीव वाचावा म्हणून बोलली, हे सगळं तिनं वाटेत जुळवून आणलं होतं. त्यातलं एकही तिथं कामाचं नव्हतं. ती उठली, मासे साफ केले, रस्सा टाकला. खाताना तो एवढंच म्हणाला, "मीठ कमी हाये." तिनं मीठ दिलं. संध्याकाळच्या बसनं ती परत आली.

नव्या वीजघराला परवानगी मिळाली. जनसुनावणीतली बोलणी कागदावर राहिली. बिरजूच्या मुलाला तिथं काम मिळालं नाही, कारण बांधकामच पुढं ढकलत गेलं. त्याच सुमाराला आंबेटोल्यात तार आली. तार आली आणि भारनियमनही आलं. निम्मा दिवस वीज नसायची, आणि असायची ती नेमकी मुखरूच्या झोपेच्या वेळी. तरी त्यानं पंप बसवला. वीज आली की उठून शेतात जायचा. दोन हंगाम त्याचं धान शेवटच्या बांधीपर्यंत हिरवं राहिलं, आणि ते पाहायला लोक जात.

बिरजूचा दम आणखी कमी झाला तेव्हा दादाजीच त्याला घेऊन आला, रंभाबाईला न विचारता. "जाळी शिवाले माणूस पायजे," एवढंच त्यानं कारण दिलं. बिरजूचं बिऱ्हाड आंबेटोल्यात आलं. पाण्यात उतरणं त्याला झेपत नसे, पण तो बोडीच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बसून जाळी शिवायचा. बहिणीशी तो कामापुरतं बोलू लागला, मग भांडू लागला. विषय एकच. कोळशानं माझी पोरं शिकली, असं तो म्हणायचा. आन् तुहा दम नेला, असं ती म्हणायची. वीज गेली की तो गप्प बसायचा, आली की ती.

दोन हजार आठमध्ये नदीपलीकडच्या माडिया आदिवासींच्या एका टोल्यासाठी पुन्हा सौर दिवे आले. जंगलातून तार नेता येत नव्हती. टोल्यातली माणसं तयार होत नव्हती म्हणून तालुक्याच्या साहेबांनी रंभाबाईला समजावून सांगायला नेलं. बिरजूही निघाला. कशाला, असं तिनं विचारलं तर म्हणाला, "तू काय सांगतं ते ऐकाले." नदीनंतरची वाट चढाची होती. तो दोनदा बसला. ती दोन्ही वेळा थांबली.

टोल्यात बुधरी नावाची म्हातारी पुढं होती. गोंडी आणि मराठी मिसळून बोलणं झालं. रंभाबाईनं दिव्यांचं चांगलं आधी सांगितलं, मग बॅटरीचं. साहेबांचा चेहरा उतरत गेला. मध्येच बिरजू म्हणाला, "घेऊ नोका. खेळना हाये."

"तू गप बस. तुह्या कोळशाची तार इथी येते का?"

"नाई येत. म्हणून खेळना घ्यायचा का?"

भावाबहिणीचं जुंपलं. टोल्यातली माणसं आधी बघत राहिली, मग हसू लागली. बुधरीनं हात वर करून दोघांना थांबवलं आणि बिरजूला विचारलं, "तू आमच्या जागी असतास तर काय केलं असतं?"

बिरजूनं आधी श्वास आवरला. मग म्हणाला, "घेतले असते. पण आमच्याच दोन बायाईले बॅटरीचं काम शिकवा, मंगच प्लेटा बसवा, असं म्हटलं असतं."

रंभाबाईनं त्याच्याकडं पाहिलं. तिनं हेच साहेबांना वाटेत सांगितलं होतं, आणि साहेबांनी पाहू म्हणून टाळलं होतं. टोल्यानं तीच अट धरली. साहेब कुरकुरले, पण दिवे परत नेणं त्यांना परवडणारं नव्हतं. बुधरीची सून आणि आणखी एक बाई तालुक्याला शिकायला गेल्या.

त्या दिवशी टोल्यातून परतताना उतार होता. बिरजू पुढं चालत होता.